‘चासी न उघडता बायस’ म्हणे! बायस प्रोब वापरून पाहिला त्याची गोष्ट

वर्षभरापूर्वी गिटारच्या अॅम्पच्या पॉवर ट्यूब, म्हणजे स्पीकरला जोर पुरवणाऱ्या काचेच्या नळ्या, बदलून घेतल्या, तेव्हा दुरुस्ती करणाऱ्यांनी चासीच्या (अॅम्पच्या धातूच्या सांगाड्याच्या) आत एक चिकटपट्टी लावून दिली होती. तिच्यावर लिहिलं होतं, ‘बायस ओके’. बायस म्हणजे, काही वाजत नसतानाही ट्यूबमधून किती प्रवाह वाहत राहावा त्याची बैठक. ओके म्हणजे किती, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. आवाज जाडसर, भरदार येत होता, मी खूश होते. पुढे पुढे खर्जाची तार छेडली की सूर पिठूळ वाटायला लागला. मग एका तालमीत दिवे मंद होते, तेव्हा आमच्या ड्रमरने मागून विचारलं, “अगं, यातली एक ट्यूब लाल का दिसतेय?”

ट्यूबमध्ये तांबूस उजेड असतोच, तो हीटरचा. इथे मात्र आतली करडी प्लेटच, ट्यूबमधला प्रवाह जिच्यावर येऊन पोहोचतो ती, एका बाजूने लाल झाली होती, भट्टीतलं लोखंड तापायला लागावं तशी. हात आपोआप स्टँडबायच्या, म्हणजे ट्यूबचं मोठं व्होल्टेज तोडणाऱ्या, खटक्यावर गेला.

त्यानंतर दोन गोष्टी घेतल्या. एक, ईएल३४ या जातीच्या पॉवर ट्यूबची जुळवलेली, म्हणजे सारखा प्रवाह ओढणारी जोडी. दुसरा, बायस मोजायचा हा प्रोब. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. पुढे तक्रारी आहेत आणि एका नगावरून कुणाची अब्रू काढायची नाही. शिवाय या घाटाचे प्रोब बरेच जण बनवतात आणि आतून सगळे एकाच कुळातले.

दिसायला असा: आठ पिनांचे दोन अडॅप्टर, जे ट्यूब आणि सॉकेटच्या मध्ये बसतात. त्यांच्या वायरी एका छोट्या डबीला जोडलेल्या. डबीवर आकडे दाखवणारा पडदा, अडॅप्टर अ की ब हे निवडायचा एक खटका आणि मिलिअँपिअर की प्लेटचे व्होल्ट हे निवडायचा दुसरा. अडॅप्टरच्या पोटात फारसं काही नाही. आठव्या पिनेच्या, म्हणजे कॅथोडच्या (ट्यूबमधले इलेक्ट्रॉन जिथून निघतात त्या टोकाच्या) वाटेत १ ओहमचा रेझिस्टर टाकलाय. त्यातून १ मिलिअँपिअर वाहिला की त्याच्या दोन टोकांमध्ये १ मिलिव्होल्ट मिळतो. डबी मिलिव्होल्ट मोजते आणि मिलिअँपिअर म्हणून दाखवते. बस्स. मला हा साधेपणा आवडला, कारण बिघडलं तर कुठे बिघडलं ते कळू शकतं. पुढे बिघडलंही.

खोक्यावरचा दावा होता, ‘चासी न उघडता बायस’. अर्धा खरा आहे. मोजायला चासी उघडावी लागत नाही. पण मोजून झाल्यावर पॉट, म्हणजे बायस कमी-जास्त करायची फिरकी, फिरवायचा असतो, आणि माझ्या अॅम्पचा पॉट चासीच्या आत, प्रिंटेड बोर्डाच्या एका कोपऱ्यात आहे. ज्यांच्या अॅम्पला मागच्या बाजूने स्क्रू ड्रायव्हर घालायला भोक आहे, त्यांच्यासाठी दावा पूर्ण खरा. म्हणून विकत घेण्याआधी एवढं पाहाच: तुमचा पॉट कुठे आहे? मुळात आहे का? माझ्या अॅम्पमधल्या या प्रकारच्या बायसला ‘फिक्स्ड’ म्हणतात. ज्याने हे नाव ठेवलं त्याला भेटायला आवडेल, कारण हाताने फिरवून कमी-जास्त करता येतो तो नेमका हाच, आणि काही अॅम्पमध्ये तर फिक्स्ड असून पॉटच दिलेला नसतो.

चासी बाहेर काढणं हे गिटारची तार बदलण्याइतकं निवांत काम नाही. प्लग काढला म्हणजे वीज गेली, असं होत नाही. फिल्टरचे कॅपॅसिटर ती साठवून ठेवतात. बंद करून पाच मिनिटांनी मी मल्टिमीटर लावला तरी ५२ व्होल्ट होते. क्लिपच्या वायरीत जाड रेझिस्टर घालून ते उतरवले, पुन्हा मोजले, मगच हात घातला. आणि पॉट फिरवायचा तो चालू अॅम्पमध्येच. तेव्हा सगळं जिवंत असतं, साडेचारशे व्होल्टच्या वर. प्लॅस्टिकचा स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, आणि एक हात खिशात ठेवायचा, म्हणजे विजेला एका हातातून दुसऱ्या हातात जायला छातीतून वाट मिळत नाही. माझ्या कपड्यांना खिसाच नव्हता, म्हणून हात पाठीमागे. ड्रमर टॉर्च धरून उभा होता आणि दर मिनिटाला “हात मागे, हात मागे” म्हणत होता. ज्यांना हे वाचूनच घाम फुटला त्यांनी काम जाणकाराकडे द्यावं. फक्त आकडा लिहून मागावा.

आणखी एक: स्पीकर जोडलेला असलाच पाहिजे. लोड नसताना ट्यूब अॅम्प चालवला तर ट्यूब आणि स्पीकरच्या मधल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर गदा येते. आवाज शून्यावर, गिटार काढून ठेवलेली.

आधी जुनी जोडी लावून पाहिली, त्या ‘ओके’चा अर्थ काय ते कळावं म्हणून. अ वर ५२ मिलिअँपिअर, प्लेटवर ४४८ व्होल्ट. ब चा आकडा थांबतच नव्हता, चढत होता, म्हणून लगेच बंद केलं. ईएल३४ च्या प्लेटची सोसायची मर्यादा २५ वॉट. ५२ मध्ये स्क्रीन नावाच्या आतल्या जाळीचा प्रवाहही मोजला जातो, तिचे सहा-एक वजा केले तरी प्लेटवर २० वॉटच्या पुढे. वाजवायला सुरुवातही न करता ८० टक्क्यांहून जास्त! वर्षभरात ट्यूब सरकते हे खरं, पण इतकं सगळं तिच्या माथी मारवत नाही.

आता नव्या. ट्यूब घालण्याआधी दोन्ही सॉकेटच्या पाचव्या पिनेवर, म्हणजे ग्रिडवर (प्रवाहाला आवर घालणाऱ्या जाळीवर), उणे व्होल्टेज येतंय का ते पाहिलं. येत होतं, दोन्हीकडे सारखं. ग्रिड जितकी जास्त उणे, तितका प्रवाह कमी, म्हणून पॉट फिरवून आकडा सगळ्यात उणे करून ठेवला. मग ट्यूब, मग स्टँडबाय. पडद्यावर २९ आणि ३२ आले, प्लेट ४७१. हळूहळू पॉट फिरवत निघाले आणि एका जागी आकडा ३६ वरून थेट ६१ वर उडाला आणि परत आला. पॉटचा सरकता काटा कार्बनच्या पट्टीवरून क्षणभर सुटत होता. म्हणजे तालमीतली लाल प्लेट उगाच नव्हती. काटा सुटला की उणे व्होल्टेज ढळतं, दोन्ही ट्यूब जास्त वाहायला लागतात, आणि त्यातली जी थकलेली ती आधी लाल होते. कॅपॅसिटर पुन्हा उतरवून पॉट बदलला. नुसता आवाज ऐकून हे मला जन्मात सापडलं नसतं. प्रोबची निम्मी किंमत इथेच वसूल झाली.

उरलेल्या निम्म्याने डोकं खाल्लं. नव्या पॉटवर अ ३८.५ दाखवत होता, ब ४२.५. जोडी जुळवलेली, खोक्यावर दोघींवर सारखाच आकडा, मग चारचा फरक का? ट्यूबची अदलाबदल केली. ट्यूबचा दोष असता तर मोठा आकडा ट्यूबबरोबर दुसरीकडे गेला असता. नाही गेला. मग अडॅप्टरची अदलाबदल केली, आणि मोठा आकडा अडॅप्टरबरोबर निघून गेला. चोर सापडला. अॅम्प बंद करून ब अडॅप्टरचा रेझिस्टर मोजला. मल्टिमीटरच्या स्वतःच्या वायरींचाच ०.३ ओहम येतो, तो वजा करून १.१ राहिला. १ ऐवजी १.१ म्हणजे प्रत्येक आकडा दहा टक्क्यांनी फुगलेला. आत सोल्डरचा डाग नीट बसला नव्हता. शिवाय त्याच्या सॉकेटची पकडही ढिली. चासी आडवी ठेवली की ट्यूब मान टाकायची, आणि आकडा थरथरायचा. विक्रेत्यांना फोटो आणि मोजमाप पाठवलं, त्यांनी हुज्जत न घालता नवा अडॅप्टर पाठवला. तेवढे गुण द्यायलाच हवेत.

दुसरी तक्रार माहितीपत्रकाची. त्यात कोष्टक दिलंय: अमुक ट्यूब, तमुक मिलिअँपिअर. प्लेटच्या व्होल्टेजचा उल्लेखच नाही. त्याशिवाय तो आकडा निरर्थक आहे. ३८ मिलिअँपिअर ३५० व्होल्टवर १३ वॉट होतात आणि ४६० वर साडेसतरा. आणि डबी दाखवते तो कॅथोडचा प्रवाह, प्लेट आणि स्क्रीन मिळून. हेही पत्रकात नाही. खातरजमा म्हणून मी जुनी रीत वापरली: अॅम्प बंद असताना आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या अर्ध्या गुंडाळीचा रेझिस्टन्स मोजला, १८.६ ओहम निघाला. चालू केल्यावर त्याच अर्ध्यावर ०.६५ व्होल्ट पडत होते. भागाकार केला की जवळपास ३५ मिलिअँपिअर, हा निव्वळ प्लेटचा. त्याच ट्यूबला प्रोब ३९.५ दाखवत होता. मधले साडेचार स्क्रीनचे. हिशोब जुळला, आणि प्रोबवरचा विश्वास तेव्हा बसला, आधी नाही.

शेवटी थांबले ते ३९.५ आणि ४१ वर, प्लेट ४६०. स्क्रीनचा वाटा काढला की सोळा ते पावणेसतरा वॉट, म्हणजे मर्यादेच्या ६५ टक्क्यांच्या आसपास. लोक ७० टक्के म्हणतात, पण ते वरचं टोक आहे, गाठायलाच हवं असं नाही. दीडचा फरक राहिला, राहू दे. कान लावूनच ठरवलं: ३० च्या आसपास असताना सूर विझत आला की शेवटी बारीक वाळू चावल्यासारखी कचकच यायची, दोन ट्यूब एकमेकींकडे सूर सोपवताना मधे फट पडते तिची. ३५ ला ती जवळजवळ गेली. ३९ च्या पुढे मला फरक ऐकू आला नाही, फक्त काच जास्त तापली. दहा मिनिटांनी पुन्हा पाहिलं तर दोन्ही आकडे थोडे वर सरकले होते, म्हणून घाईने मोजून झाकण लावू नका. जोडीचं म्हणाल तर ती चांगली निघाली. हल्ली ट्यूब बनवणारे मोठे कारखाने मोजकेच, रशियात सराटोव्ह, स्लोव्हाकियात चाद्त्सा, आणि चीन. सराटोव्हच्या एकाच कारखान्यातून तर कितीतरी नावांची खोकी बाहेर पडतात. त्यामुळे मी खोक्यावरच्या नावापेक्षा जुळवणी कुणी केली ते बघते. प्रीअॅम्पच्या, म्हणजे सुरुवातीच्या टप्प्यातल्या छोट्या १२एएक्स७ ट्यूबला यातलं काहीच लागत नाही, जुनी काढायची, नवी घालायची.

अजून एक बारीक गोष्ट. अडॅप्टरमुळे ट्यूब दोन बोटं उंच बसते, मग तिला धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या क्लिपा पोहोचत नाहीत. त्यामुळे प्रोब लावून ठेवून तालमीला जायचं नाही. मोजायचं आणि काढायचं.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण ढिल्या सॉकेटचा गेला, एक त्या कोष्टकाचा. चासी बंद करण्याआधी ‘बायस ओके’च्या खाली पेन्सिलने लिहिलं: ४६० व्होल्ट, ३९.५ आणि ४१, कॅथोड, तारीख.

आमच्या दुसऱ्या गिटारवाल्याने परवा तो प्रोब मागितला. त्याच्या अॅम्पमध्ये ईएल८४ जातीच्या ट्यूब, नऊ बारीक पिनांच्या. अडॅप्टर बसणारच नाही. वर त्याचा कॅथोड बायस, ज्यात ट्यूब आपली बैठक आपणच सांभाळते, म्हणजे फिरवायला पॉटही नाही. त्याला म्हटलं, “जुन्या काढ, नव्या घाल आणि वाजव.” त्याला ते फार सोपं वाटलं, म्हणून अजून विचारच करतोय.