हायड्रॉक्सीक्लोरोक्विन २०० : संधिवातासाठी मलेरियाची गोळी कशी आहे?

संधिवात किंवा ल्युपसचं (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) निदान झालं की पहिल्याच चिठ्ठीवर बऱ्याचदा ही गोळी असते. मग मेडिकलच्या काउंटरवर ठरलेला प्रश्न येतो, "ही तर मलेरियाची ना?" हो, तीच. अमेरिकेत १९५५ पासून मान्यता असलेलं हे जुनं औषध आहे, आणि आमच्या मते दीर्घकाळ घ्यायच्या औषधांमध्ये फार मोलाचं.

ती काम कशी करते हे कळलं की पुढचे नियम आपोआप पटतात. हा रेणू सौम्य अल्कधर्मी आहे. पेशीतल्या आम्लयुक्त पिशव्यांमध्ये, म्हणजे लायसोसोम आणि एंडोसोममध्ये तो शिरतो, तिथे प्रभारित होतो आणि अडकून बसतो. त्यामुळे आतला पीएच वाढतो, म्हणजे आम्लता कमी होते. मलेरियाच्या जंतूतही तो अशाच आम्ल पिशवीत साठतो आणि विषारी हीम (रक्तातलं हिमोग्लोबिन पचवताना सुटणारा लोहयुक्त भाग) निकामी करण्याची जंतूची सोय बंद पाडतो. आपल्या रोगप्रतिकारक पेशींमध्ये दोन गोष्टी मंदावतात. एक, प्रथिनांचे तुकडे करून टी-पेशींना (शत्रू ओळखून हल्ला घडवणाऱ्या पांढऱ्या पेशी) दाखवण्याचं काम. दोन, टीएलआर-७ आणि टीएलआर-९ हे जंतूंचा आरएनए-डीएनए ओळखणारे संवेदक. ल्युपसमध्ये ते स्वतःच्याच आरएनए-डीएनएला शत्रू समजतात आणि इंटरफेरॉन या दाह वाढवणाऱ्या प्रथिनांचा मारा सुरू होतो. तो मारा कमी होतो, पण प्रतिकारशक्ती सरसकट खाली येत नाही. संधिवातावरच्या मेथोट्रेक्सेट या औषधासारखी वारंवार रक्त तपासायची गरज सहसा पडत नाही, ती यामुळेच.

गुण मात्र सावकाश येतो. दोन-तीन महिने, कधी सहाही. शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण ४० दिवस लागतात, त्यामुळे ते भरायलाही वेळ लागतो. तिसऱ्या आठवड्यात "काही फरक नाही" म्हणून गोळी सोडणारे खूप असतात. इथेच नुकसान होतं.

मात्रा वजनावर ठरते. दिवसाला किलोमागे ५ मि.ग्रॅ.पेक्षा जास्त नको. ८० किलोला रोज ४०० चालते. ६० किलोला सरासरी ३०० हवी, म्हणून एक दिवस २०० आणि एक दिवस ४०० असं लिहून देतात. ४० किलोच्या आजींना रोज ४०० म्हणजे थेट दुप्पट. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा आणखी जपून ठरवावी लागते.

खरा धोका डोळ्याच्या पडद्याला. मात्रा पाळली तर पहिल्या पाच वर्षांत तो एक टक्क्याहून कमी, दहा वर्षांपर्यंत दोन टक्क्यांहून कमी, पण वीस वर्षांनंतर जवळपास २० टक्के. झालेली इजा भरून येत नाही. पहिल्या वर्षात एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी ओसीटी (डोळ्याच्या पडद्याचे थर दाखवणारं स्कॅन) व दृष्टिक्षेत्र तपासणी करावी. ठाण्यात नौपाड्यात काय किंवा नवी मुंबईत वाशीला काय, या तपासण्या होतात. "चष्म्याचा नंबर बघितला" म्हणजे ही तपासणी नव्हे. आपल्याकडच्या लोकांत इजा मध्यभागापासून जरा दूर सुरू होऊ शकते, म्हणून दृष्टिक्षेत्राची फक्त १०-२ (मधल्या भागाची) चाचणी न करता २४-२ किंवा ३०-२ (जास्त रुंद भागाची) पण मागावी.

गोळी अतिशय कडू आहे. चावू नका, जेवणासोबत घ्या, मळमळ कमी होते. अँटासिड आणि हिच्यात चार तासांचं अंतर ठेवा. मधुमेहाची औषधं चालू असतील तर साखर उतरू शकते. पावसाळ्यात घसा-तापावर अझिथ्रोमायसिन लिहून दिलं तर आधी ही गोळी चालू असल्याचं सांगा. दोन्ही मिळून हृदयाची लय बिघडू शकते. ल्युपस असलेल्या गरोदर बाईने घाबरून ती परस्पर बंद करू नये.

२०२० पासून मेडिकलवाल्याला चिठ्ठी बघून नोंद करावी लागते. त्याच्याशी हुज्जत घालू नका, तो बरोबर वागतोय.

आणि जुलै-ऑगस्टमध्ये थंडी वाजून ताप आला तर "मी मलेरियाची गोळी खातेच" असं समजू नका. संधिवाताची रोजची मात्रा म्हणजे मलेरियाचा उपचार नाही. फाल्सिपेरम या मलेरियाच्या जास्त घातक प्रकारावर तर या गटातली औषधं आपल्याकडे आता दिलीच जात नाहीत. पालिकेच्या आरोग्य केंद्रात त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. डबा मुलांच्या हाती लागू देऊ नका. लहान मुलाला थोड्या गोळ्याही जिवावर बेततात.