एसी बदला, निम्मं बिल वाचवा म्हणणाऱ्यांपासून सावध रहा (परभणीचा अनुभव)

उन्हाळा तोंडावर आला की आपल्याकडं हे लोक फिरायला लागतात म्हणून आत्ताच लिहायलो. परभणीत मे महिन्यात पारा 43-44 ला जातो, एसीशिवाय झोप लागत नाही, आणि बिलाची भीती सगळ्यांनाच असते. ह्याच भीतीवर ह्यांचा धंदा चालूय.

आमच्या घरी दीड टनाचा जुना एसी होता, चांगला चालायलता. एका दुकानाचा पोरगा आला, वडिलांना म्हणला काका हा एसी तुमचं घर खायलाय. आउटडोरची पाटी पुसून दाखवली, त्यावर 5200 वॅट लिहिलेलं, म्हणला बघा तासाला 5.2 युनिट. नव्याच्या लेबलवर बोट ठेवून म्हणला हा फक्त 700 वॅट. मग तिथंच कागदावर हिशोब, तासाला साडेचार युनिट वाचले, रोज 5 तास, 30 दिवस, 675 युनिट, 12 रुपयानं 8,100 रुपये महिना. नव्या एसीचा महिन्याचा हप्ता 4 हजार, म्हणजे हप्ता भरून वर पैसे उरणार. वडिलांनी विश्वास ठेवला, जुना एसी भंगाराच्या भावात गेला आणि नवा बसला.

आता ह्यात लबाडी कुठं आहे ते नीट बघा. 5200 वॅट ही गारवा द्यायची ताकद आहे, विजेचा खप नाही. एक टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट गारवा, दीड टन म्हणलं की 5.2 च्या आसपास आलंच, ते नव्या एसीच्या पाटीवर पण तेवढंच असतं! खप त्याच पाटीवर खालच्या ओळीत पॉवर इनपुट म्हणून वेगळा लिहिलेला असतो, आमच्या जुन्याचा 1700 वॅट होता. त्या ओळीवर त्यानं अंगठा ठेवला होता, हे आईनं बघितलं पण तिला तेव्हा त्याचा अर्थ कळायचं कारणच नव्हतं. आणि नव्याचे 700 वॅट हे अर्ध्या लोडचे, म्हणजे एसी अर्ध्याच ताकदीवर चालतो तेव्हाचे. म्हणजे जुन्याची गारव्याची ताकद आणि नव्याचा अर्ध्या लोडचा खप अशी वजाबाकी. ही चूक नाही, ही शिकवून पाठवलेली फसवणूक आहे.

सगळ्यात मोठा पुरावा तर घरातच होता. आमच्या मे महिन्याच्या बिलात फ्रिज, मोटार, पंखे, सगळं मिळून 430 युनिट होते. 430 मधून 675 कसे वाचणार?

नवा एसी आल्यावर पुढच्या मेमध्ये 340 युनिट आले. फरक 90 युनिटचा, तो पण उन्हाळ्याचे तीन-साडेतीन महिने, पावसाळ्यात-हिवाळ्यात एसी बंदच असतो पण हप्ता बाराही महिने चालू. तुलना करताना युनिट बघा बरं का, रुपये नाही, कारण दर बदलत राहतात आणि 100, 300, 500 युनिटच्या टप्प्यांवर दर वाढत जातो.

दुसरी गोष्ट लेबलची. बिलावर 5 स्टार लिहिलंय, एसीवर 5 स्टारच आहेत, पण लेबल पीरियड, म्हणजे ते स्टार ज्या तारखेपर्यंत धरायचे ती मुदत, जून 2022 ला संपलेला. जुलै 2022 पासून नियम कडक झाले, आधीचा 5 स्टार त्या नव्या मोजमापात 4 स्टार धरला गेला. जुना पडून राहिलेला माल नव्याच्या भावात गळ्यात मारला. लेबलवर वर्षाचे युनिट दिलेले असतात, ते 1600 तासांचे असतात, त्याला 1600 नं भागा आणि तुमच्या तासांनी गुणा, खरा अंदाज निघतो. आमच्याकडच्या 44 डिग्रीत त्याच्यापेक्षा जास्तच जातं हे धरून चाला.

दुकानात गेलो तर म्हणतात तो पोरगा सोडून गेला, कागदावर आमचा शिक्का कुठाय. वडील त्या दिवसापासून हप्त्याची तारीख आली की गप्प होतात, मला ह्याचाच जास्त राग आहे. 1915 ह्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय, आता जिल्हा ग्राहक आयोगात जायलो. तिथं 5 लाखापर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही आणि 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते. असा हातानं लिहिलेला हिशोब तुमच्याकडं असल तर फेकू नका, बिल, लेबलचा फोटो आणि आधीची-नंतरची वीजबिलं त्याच्यासोबतच ठेवा.