गिलियम दाखवायचा, पण कुठला?

टेरी गिलियमचा सिनेमा लावायचं चित्रपट मंडळात ठरलं की भांडण ठरलेलंच. एकजण ‘ब्राझील’साठी हटून बसतो. दुसरा म्हणतो, ‘ट्वेल्व्ह मंकीज’ सोडून काहीही लावलंत तर मध्यंतरालाच निम्म्या खुर्च्या रिकाम्या होतील. आणि एखादे निवृत्त मास्तर चष्मा पुसत विचारतात, “अरे, पण ह्या माणसाचा एक तरी सिनेमा धड संपतो का?” तिघांचंही थोडं थोडं खरं आहे, म्हणून निर्णय होत नाही. इफ्फीत, म्हणजे गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, दिवसाला चार-चार सिनेमे पाहणाऱ्यांना हा प्रश्न पडत नाही. एक नाही आवडला तर ते उठून दुसऱ्या पडद्याकडे जातात. पण फोंड्याला किंवा डिचोलीला, वाचनालयाच्या सभागृहात महिन्याला एकच सिनेमा दाखवायचा असेल, तर निवड चुकली की पुढच्या महिन्यात माणसं येत नाहीत. त्यांच्यासाठी, आणि घरी बसून ‘सुरुवात कुठून करू’ विचारणाऱ्यांसाठीही, हा आढावा.

ओळख थोडक्यात. जन्म १९४०, अमेरिकेतल्या मिनेसोटात. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात इंग्लंडला गेला आणि माँटी पायथन या विनोदी टोळीतला एकमेव अमेरिकन झाला. तिथं त्याचं काम होतं जुनी चित्रं कातरून, जोडून, हलवून वेडीविद्री ॲनिमेशन करण्याचं. पुढे दिग्दर्शक झाला तरी हात कातरकामाचाच राहिला. त्याच्या चौकटीत रिकामी जागा सापडत नाही. नळ, तारा, पुतळे, कागदांचे गठ्ठे सगळं एकमेकांवर चढवलेलं, आणि ते सगळं १४ मिलिमीटरच्या रुंद लेन्समधून टिपलेलं, त्यामुळे माणसाचं नाक पुढे येतं आणि खोली मागे पळते. हे ज्याला आवडतं त्याला फार आवडतं. बाकीच्यांचं डोकं दुखतं.

त्याच्या चाहत्यांत दोन तट आहेत. पहिल्या तटाचं म्हणणं, स्टुडिओवाल्यांनी त्याचं वाटोळं केलं. दुसऱ्याचं म्हणणं, त्याचं वाटोळं करायला तो स्वतः समर्थ आहे. मी बराच काळ हा वाद ऐकत आलो आहे आणि मला वाटतं निकाल एकाच वर्षात लागलेला आहे, २००५ मध्ये. त्या वर्षी त्याचे दोन सिनेमे आले. ‘द ब्रदर्स ग्रिम’ प्रागला मोठ्या पैशात बनला. निर्मात्यांनी त्याचा छायालेखक मध्येच काढला आणि मॅट डेमनला लावायच्या नकली नाकावरूनही वाद घातला. ते काम रखडलं तेव्हा गिलियम कॅनडात गेला आणि कुणाचाही हात मध्ये न येता ‘टाइडलँड’ करून आला. म्हणजे एकीकडे गळ्यात दोरी, दुसरीकडे मोकळं रान. आणि दोन्ही सिनेमे फसले. ‘ग्रिम’ला चेहराच नाही; तो कुणीही केला असता. ‘टाइडलँड’ला चेहरा आहे, पण समोर कुणीतरी पाहायला बसलंय याचं भान नाही. मेलेल्या बापाच्या खुर्चीशेजारी बाहुल्यांच्या तुटक्या मुंड्यांशी बोलणारी लहान मुलगी दोन तास पाहणं सोपं नाही. सिनेमाच्या सुरुवातीला गिलियमनं स्वतः पडद्यावर येऊन बजावलं होतं की तुमच्यातल्या पुष्कळांना हा आवडणार नाही. सॅन सेबॅस्टियनला समीक्षकांचं पारितोषिक मिळालं, हे खरं. तरी सभागृहात लावू नका. घरी, एकट्यानं, मन थाऱ्यावर असताना बघा.

मग जमतं कधी? माझं उत्तर असं: ज्याच्याबद्दल त्याला आदर आहे अशा कुणीतरी हात धरला की. सही करून पैसे देणारा स्टुडिओवाला त्यात बसत नाही. बसतो तो पटकथाकार, किंवा मग तंग बजेट. ही कसोटी घेऊन पुढच्या जोड्या बघा.

‘ब्राझील’ की ‘ट्वेल्व्ह मंकीज’

खरी लढत हीच. ‘ब्राझील’ १९८५ चा. पटकथा गिलियम आणि चार्ल्स मॅककिऑन यांच्याबरोबर नाटककार टॉम स्टॉपर्डनं लिहिली आहे, आणि संवादांना जी धार आहे ती मला स्टॉपर्डचीच वाटते. सुरुवातीलाच एका सरकारी कचेरीत एक कर्मचारी छतावरची माशी मारतो. ती टंकयंत्रात पडते आणि अटकेच्या हुकमावर ‘टटल’च्या जागी ‘बटल’ छापलं जातं. नाताळच्या संध्याकाळी बटल नावाच्या गरीब चांभाराच्या घरी वरच्या मजल्याची जमीन कापून शिपाई उतरतात आणि त्याला पोत्यासारखं आवळून नेतात. त्याच्या बायकोला नवरा नेल्याची पावती मिळते, आणि त्या पावतीची पावती तिच्याकडून सही करून घेतली जाते. आमच्याकडे हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर आजोबांच्या नावातलं एक अक्षर चुकलं म्हणून मामलेदार कचेरीचे उंबरे झिजवलेली माणसं पहिल्या रांगेत असतात. ती हसतात, आणि हसता हसता गप्प होतात.

सिनेमाच्या प्रदर्शनाची कथाही तितकीच रंगतदार. युनिव्हर्सल स्टुडिओच्या सिड शाइनबर्गना गोड शेवट हवा होता. गिलियमनं ‘व्हरायटी’ या सिनेधंद्याच्या वृत्तपत्रात पानभर जाहिरात देऊन त्यांना विचारलं, माझा सिनेमा कधी दाखवणार? मग लॉस एंजेलिसच्या समीक्षकांनी, अमेरिकेत सिनेमा लागलेलाच नसताना, त्याला त्या वर्षीचा उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि पटकथा असे तिन्ही मान देऊन टाकले. स्टुडिओला झक मारत तो लावावा लागला. पहिल्या तटाची सगळी भिस्त या गोष्टीवर आहे आणि इथं ते बरोबरही आहेत. स्टुडिओनं कापलेली ९४ मिनिटांची आवृत्ती पाहिली की कळतं, तेच प्रसंग, तेच नट, आणि सिनेमा मात्र भलताच.

पण ‘ब्राझील’ दमवतो. १४२ मिनिटं लांब आहे, आणि मधला पाऊण तास स्वप्नं, पंख, राक्षस, पुन्हा स्वप्नं. तिथं माणसं मोबाइल काढतात. नायिका किम ग्रीस्टच्या पात्राला करायला फारसं काही दिलेलं नाही, ही त्रुटीही नाकारण्यात अर्थ नाही.

‘ट्वेल्व्ह मंकीज’ (१९९५) मध्ये असं होत नाही. क्रिस मार्करच्या १९६२ च्या एका फ्रेंच लघुपटावरून डेव्हिड आणि जॅनेट पीपल्स या जोडप्यानं पटकथा लिहिली आणि गिलियमच्या हातात ती तयार आली. एका विषाणूनं पाच अब्ज माणसं मेली, उरलेली जमिनीखाली राहतात, आणि काय झालं ते शोधायला एका कैद्याला मागच्या काळात पाठवतात. करोनानंतर हे पाहताना अंगावर काटा येतो, तो वेगळाच. गोष्ट घड्याळासारखी चालते, म्हणून गिलियमचा सगळा पसारा तिच्या कामी येतो. ब्रूस विलिस इथं मार खाल्लेल्या कुत्र्यासारखा भेदरलेला दिसतो, एरवी तो असा कधी दिसत नाही. ब्रॅड पिटला ऑस्करचं नामांकन मिळालं. मला तो जरा जास्तच हातवारे करतो असं वाटतं, पण मंडळात या मताला कुणी दुजोरा देत नाही. सुमारे तीन कोटी डॉलरांत झालेल्या सिनेमानं जगभर १६ कोटींहून अधिक कमावले.

याच चित्रीकरणावर किथ फुल्टन आणि लुई पेपे यांनी एक माहितीपट केला, त्यात गिलियमचा स्वभाव नेमका सापडतो. विलिस स्वतःचं रक्त काढून घेतो असा एक साधा प्रसंग आहे. मागे अंधारात, चाकात पळणारा एक हॅमस्टर, उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी, गिलियमला हवा होता. प्राणी पळेना. सगळं युनिट ताटकळत राहिलं, आणि जो प्रेक्षकांना धड दिसणारही नाही त्या हॅमस्टरपायी वेळ गेला. पैसे मोजणाऱ्याच्या दृष्टीनं हा वेडेपणा आहे. तरीही त्याच्या चौकटी विसरत नाहीत, त्या अशाच हट्टापायी.

निवड करायची तर: मिश्र प्रेक्षक असेल, कुणी पहिल्यांदाच गिलियम पाहणार असेल, तर ‘ट्वेल्व्ह मंकीज’. मंडळ जुनं असेल, सिनेमानंतर चहा पीत तासभर बोलत बसणारी माणसं असतील, तर ‘ब्राझील’. श्रेष्ठ कोणता म्हणाल तर ‘ब्राझील’, पण श्रेष्ठ सिनेमा पहिल्यांदा दाखवायला चांगला असतोच असं नाही.

‘द फिशर किंग’ (१९९१)

फँटसी नको म्हणणाऱ्यांसाठी. न्यूयॉर्कमधला एक उद्दाम रेडिओ निवेदक आणि त्याच्या शब्दांमुळे संसार उद्ध्वस्त झालेला एक माणूस. जेफ ब्रिजेस, रॉबिन विल्यम्स, आणि सहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळवणारी मर्सिडीज रूल. पटकथा रिचर्ड लाग्रॅव्हनीजची. गिलियमनं दुसऱ्याच्या पटकथेवर पहिल्यांदाच काम केलं ते इथं. तरी सर्वांच्या लक्षात राहतो तो प्रसंग पटकथेत नव्हता: ग्रँड सेंट्रल स्थानकात धावपळ करणारे शेकडो प्रवासी अचानक जोडी-जोडीनं वॉल्ट्झ नाचू लागतात, कारण एका वेड्या माणसाला त्याची आवडती बाई गर्दीत दिसलेली असते. ती निघून जाते आणि गर्दी पुन्हा गर्दी होते. नवरा-बायको एकत्र पाहणार असतील तर मी हाच सुचवेन.

मुलं येणार असतील तर

‘टाइम बँडिट्स’ (१९८१) डोळे झाकून लावा. पायथनमधल्याच मायकेल पेलिनबरोबर लिहिलेला, बीटल्सवाल्या जॉर्ज हॅरिसनच्या कंपनीनं पैसे घातलेला, सुमारे ५० लाख डॉलरांतला सिनेमा. अमेरिकेतच साडेतीन कोटींच्या वर कमावून गेला. सहा बुटके चोर आणि एक मुलगा काळाच्या भोकांतून नेपोलियनपासून ॲगमेम्नॉनपर्यंत हिंडतात. पैसे कमी होते ते दिसतं, आणि शोभतं. शेवट मात्र मुलांना विचारात पाडणारा आहे, थोडा क्रूरच, आणि त्यावर घरी जाताना आईबापांना उत्तरं द्यावी लागतात.

‘बॅरन मनचाउझन’ (१९८८) याचाच श्रीमंत भाऊ. रोममधले सेट, डान्टे फेरेट्टीचं कलादिग्दर्शन, चंद्राचा राजा म्हणून रॉबिन विल्यम्सचं नुसतं डोकं उडत फिरतंय. खर्च सुमारे ४.६ कोटी डॉलरांवर गेला. कोलंबिया स्टुडिओतली माणसं तोवर बदलली होती, अमेरिकेत जेमतेम ११७ प्रती निघाल्या आणि कमाई ८० लाखांच्या आसपास. चार ऑस्कर नामांकनं मिळाली, ती बहुतेक हातकामासाठीच. दिवाळीच्या आदल्या रात्री आपल्या वाड्यावाड्यांवर उभे राहणारे नरकासुर आठवा; महिनाभर पोरं खपतात आणि पहाटे सगळं जळतं, तशी या सिनेमाची तऱ्हा. मोठा पडदा असेल तरच लावा. फोंड्याच्या कला मंदिरासारखा पडदा मिळाला तर बहार, सभागृहातल्या पांढऱ्या चादरीवर नको.

एक गोष्ट आयोजकांना ठाऊक असावी. यातली छोटी मुलगी सारा पॉली पुढे स्वतः दिग्दर्शिका झाली, पटकथेचं ऑस्करही मिळवलं. या चित्रीकरणात स्फोटांमध्ये धावताना आपण किती घाबरलो होतो ते तिनं मोठेपणी सविस्तर लिहिलं आहे. ‘काहीही करून चौकट मिळाली पाहिजे’ या हट्टाची किंमत कोण मोजतं, हा प्रश्न दुसऱ्या तटानं उपस्थित केला तर त्याला उत्तर द्यायला सोपं नाही. हॅमस्टरपायी युनिट ताटकळत ठेवणं निराळं, नऊ वर्षांची मुलगी निराळी.

उशिराचे सिनेमे

‘फिअर अँड लोदिंग इन लास व्हेगस’ (१९९८): नशेवरचा सिनेमा, नशेसारखाच लांबतो. कॉलेजच्या मुलांना आवडतो. ‘पार्नासस’ (२००९) चांगुलपणामुळे आठवतो: हीथ लेजर चित्रीकरण अर्ध्यावर असताना गेला, त्याचं उरलेलं काम जॉनी डेप, ज्यूड लॉ आणि कॉलिन फॅरल यांनी वाटून घेतलं आणि मानधन त्याच्या लेकीला दिलं. सिनेमा म्हणून सुटा सुटा सुंदर. ‘झिरो थिअरम’ (२०१३) म्हणजे ‘ब्राझील’ची पातळ झालेली आमटी, वगळा.

राहिला ‘द मॅन हू किल्ड डॉन किहोटे’. २००० साली स्पेनमध्ये चित्रीकरण सुरू झालं आणि डोक्यावरून लढाऊ विमानं घोंगावू लागली. दुसऱ्या दिवशी ढगफुटीसारख्या पावसानं सामान वाहून नेलं, वाळवंटाचा रंगच बदलला. मग किहोटे झालेल्या जाँ रोशफोरला पाठीच्या दुखण्यानं घोड्यावर बसवेना. काम बंद पडलं. नट बदलत, पैसे जमवत, कोर्टकचेऱ्या करत सिनेमा अखेर २०१८ मध्ये कानच्या समारोपाला दाखवला गेला. जोनाथन प्राइस त्यात उत्तम आहे, बाकी सिनेमा भरकटलेला. पण त्या २००० सालच्या फजितीवर फुल्टन-पेपे यांनीच केलेला ‘लॉस्ट इन ला मांचा’ (२००२) हा माहितीपट मिळवाच. गिलियमवरचा वाद मिटवायचा नसून रंगवायचा असेल तर याच्यासारखा दुसरा सिनेमा नाही. पहिल्या तटाला त्यात दैवाची चूक दिसते, दुसऱ्याला दिग्दर्शकाची.

आता व्यवहाराचं. दाखवण्याची परवानगी आधी काढा. ‘ब्राझील’ची १४२ मिनिटांचीच आवृत्ती मागवा, ९४ ची चुकून आली तर परत पाठवा. उपशीर्षकं लावाच, कारण नळांच्या आणि यंत्रांच्या आवाजात इंग्रजी संवाद बुडतात. कदंबची शेवटची बस पकडणारे सभासद असतील तर साडेपाचला सुरू करा, साडेसहाला नको. आणि फलकावर ‘ब्राझील’ लिहिताना खाली बारीक अक्षरांत एक ओळ टाका, की नाव जुन्या गाण्यावरून घेतलंय, देशाशी संबंध नाही. नाहीतर आमच्या तालुक्यात अर्धा गाव फुटबॉल बघायला येईल.