नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला किती टेबलांवर द्यायचा? वेगवेगळी ॲप्स की एकसंध आराखडा

नागरिकांच्या सेवा सुधारायला जिल्हा नियोजनातून निधी मिळाला, की साधारण दोन प्रस्ताव समोर येतात. पहिला, खात्यागणिक नवं ॲप. दुसरा, कोणती नोंद कोणाची, कोणतं काम कशावर अडतं, सॉफ्टवेअर एकमेकांशी कसं बोलणार हे आधी ठरवून मग बांधणी करायची. या दुसऱ्याला एंटरप्राइज आर्किटेक्चर म्हणतात; मी त्याला आराखडा म्हणेन. मी यवतमाळ जिल्ह्यात सेतू केंद्रावर नऊ वर्षं अर्ज भरतो आहे. निर्णय तुमच्या हातात असेल, तर खिडकीच्या या बाजूने काय दिसतं ते सांगतो.

दोन्ही प्रस्ताव एकाच प्रसंगावर घासून बघा: कपाशीत निंदणी करताना साप चावून घरचा कर्ता माणूस गेला.

अशीच एक मावशी प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आली होती. नवऱ्याचं नाव आधारवर पूर्ण, सातबाऱ्यावर घरगुती आणि पासबुकात आडनावाची एक वेलांटी वेगळी. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत 21 दिवसांत झाली होती. मग वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे अर्ज, फेरफार, 15 दिवसांची नोटीस, मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी. अपघाती मृत्यूचं 2 लाखांचं सानुग्रह अनुदान कृषी खात्याकडे, संजय गांधी निराधार योजना तहसीलला, सोसायटीचं पीककर्ज आणखी वेगळं. प्रत्येक ठिकाणी तोच मृत्यूचा दाखला. चौथ्या खेपेला ती म्हणाली, “आता अजून कोणता कागद आणू जी?”

2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांना मुदत ठरली, हे मोठं काम झालं. पण ती मुदत एकेका सेवेची. प्रत्येक टेबल आपापल्या मुदतीत काम करतं आणि बाईचे मात्र चार महिने जातात. तुलना करताना हेच मोजा: पहिल्या अर्जापासून शेवटचा पैसा खात्यात पडेपर्यंतचे दिवस आणि तालुक्याच्या खेपा.

या मापाने वेगळं ॲप कमी पडतं. ते तीन-चार महिन्यांत तयार होतं, खातं त्याची जबाबदारी घेतं, लोकांना दिसतं. पण मावशीला चार ॲप म्हणजे चार नोंदणी, चार ओटीपी आणि नावातली तीच वेलांटी चार ठिकाणी अडणार. 2021 पासूनच्या ई-पीक पाहणीचं उदाहरण इथे हटकून दिलं जातं. त्याचा उपयोग होतो, कारण शेतकऱ्याने केलेली नोंद सातबाऱ्यावर चढते. ते ॲप एका पक्क्या नोंदीवर उभं आहे, हे विसरू नका.

आराखड्यात प्रत्येक नोंदीला एक मालक असतो. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीची, जमिनीची महसूलची. बाकीच्यांनी विचारून घ्यायचं, नागरिकाकडे पुन्हा मागायचं नाही. एस्टोनियाने 2001 पासून एक्स-रोड या जोडणीवर हेच केलं. तिथे एकच माहिती गोळा करायला वेगळे डेटाबेस उभारायला कायद्याने मनाई आहे. आपल्याकडे केंद्राची ‘IndEA’ (इंडिया एंटरप्राइज आर्किटेक्चर) ही चौकट 2018 ची. डिजिलॉकर, डिजिटल सहीचा सातबारा, शेतकरी ओळख क्रमांक आपल्या हाताशी आहेत. जिल्ह्याला सुरुवात शून्यातून करायची नाही.

याची किंमतही मोजावी लागते. पहिले आठ-दहा महिने उद्घाटन करण्यासारखं काही दिसणार नाही. तहसीलदार, गटविकास अधिकारी आणि तालुका कृषी अधिकारी यांना एका टेबलावर बसून फॉर्ममधला रकाना न् रकाना वाचावा लागेल. तीन वर्षांत बदल्या होतात, म्हणून जे ठरलं ते लेखी आदेशात हवं. आणि मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती नोंदीतल्या चुकीची. जोडलेल्या व्यवस्थेत कोणाच्या नावापुढे चुकून ‘मयत’ लागलं, तर त्याचे सगळेच पैसे एकदम थांबतात. दुरुस्ती कोण करणार, किती दिवसांत, आणि तोवर हप्ता चालू राहणार का, याचं उत्तर नसलेला आराखडा मंजूर करू नका. माहिती कोणी, कधी, कशासाठी पाहिली याची नोंदही त्यात हवी.

काम एकाच खात्याचं आणि निधी एकाच वर्षाचा असेल तर ॲप घ्या. मात्र डेटा शासनाचा राहील आणि पुढे इतरांना जोडता येईल, हे करारात लिहून घ्या. दोन वर्षं हातात असतील तर मी आराखड्याच्या बाजूने आहे, पण सबंध जिल्ह्याचा नको. एक तालुका आणि हा एकच प्रसंग, कर्त्याचा मृत्यू, धरा. नावांचा मेळ गावातच, चावडीवर घरच्यांना समोर बसवून घाला. नेट नसलेल्या दिवसासाठी कागदी अर्जाची वाट उघडी ठेवा.

सादरीकरणाला कंपन्या येतील तेव्हा अशीच एक पिशवी टेबलावर ठेवा आणि विचारा: यातला कोणता कागद तिला पुढच्या वेळी आणावा लागणार नाही?