मुलींच्या फुटबॉल प्रशिक्षणाचे नऊ महिने : कोथरूडमधल्या एका आईचा अनुभव

गेल्या जूनमध्ये लेकीला फुटबॉलच्या मुलींच्या बॅचमध्ये घातलं. तेव्हा ती नुकतीच तेरा वर्षांची झाली होती. आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी सहा ते साडेसात, तीन महिन्यांचे साडेसात हजार रुपये. आता तीन टर्म पूर्ण झाल्यात. अकादमीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही लिहिणार आहे, आणि मला जे सांगायचंय ते कुठल्याही अकादमीला लागू पडेल.

पहिल्याच दिवशी कोच मॅमनी बॉल दिलाच नाही. एका बुटक्या पायरीवरून प्रत्येक मुलीला खाली उडी मारायला लावली आणि मोबाइलवर समोरून व्हिडिओ काढला. मग आम्हा आयांना तो हळू करून दाखवला. जमिनीवर टेकताना माझ्या लेकीचे दोन्ही गुडघे आत वळून जवळजवळ एकमेकांना लागत होते. तिच्यासारख्याच आणखी सात-आठ जणी होत्या. मॅम म्हणाल्या, या वयात उंची झपाट्याने वाढते, पण मांडीच्या मागच्या आणि कमरेच्या स्नायूंची ताकद तेवढ्या वेगाने येत नाही. वळताना किंवा उडीनंतर उतरताना गुडघा असा आत गेला की एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला महत्त्वाचा लिगामेंट, तुटू शकतो. मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा बरीच जास्त होते.

म्हणून दर वेळी पहिली वीस मिनिटं ‘फिफा ११+’, म्हणजे दुखापती टाळण्यासाठी फिफाने आखलेला वॉर्म-अप. हलकं धावणं, मग प्लँक, एका पायावर तोल, स्क्वॉट, उड्या, आणि जोडीदारणीने घोटे धरायचे व आपण गुडघ्यांवरून हळूहळू पुढे झुकायचं तो नॉर्डिक हॅमस्ट्रिंग, शेवटी पुन्हा वेगात धावणं. खरं सांगते, पहिले दोन महिने मला वाटायचं की फी भरून मुलीला फुटबॉलऐवजी पीटी शिकवतायत. बाकड्यावर बसलेल्या इतर पालकांचीही तीच कुरकुर होती. नंतर मी जरा वाचलं. नॉर्वेमध्ये १३ ते १७ वयाच्या मुलींच्याच १२५ क्लबांमध्ये याचा अभ्यास झाला होता आणि तो २००८ साली प्रसिद्ध झाला. हा वॉर्म-अप करणाऱ्या संघांमध्ये गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी होत्या. तेव्हापासून आम्ही सहाला पाच कमी असतानाच मैदानावर हजर असतो. उशिरा येऊन वॉर्म-अप बुडवणाऱ्या मुलीला मॅम सरळ बाजूला बसवतात, आणि मला ते शंभर टक्के पटतं. नोव्हेंबरमध्ये पायरीवरचा तोच व्हिडिओ पुन्हा काढला. लेकीचे गुडघे सरळ पावलांच्या रेषेत होते. नऊ महिन्यांत मला सगळ्यात जास्त समाधान त्या दहा सेकंदांच्या व्हिडिओने दिलंय.

खेळाबद्दल. ड्रिब्लिंग सुधारलं, डावा पाय अजून कच्चा आहे. पण खरा फरक नजरेत पडलाय. एक सराव असा असतो : मुलगी पास घ्यायला उभी राहते, तिच्या पाठीमागे दुसरी एखाद्या रंगाचं बिब (सरावात घालायचं बिनबाह्यांचं जाकीट) वर धरते, आणि बॉल पायाशी यायच्या आत हिने मान वळवून तो रंग मोठ्याने सांगायचा. सुरुवातीला लेक बॉलवरून नजरच काढायची नाही. आता बॉल यायच्या आधी दोनदा खांद्यावरून मागे बघते, त्यामुळे पहिल्या टचलाच मोकळ्या बाजूला वळते. आणि ओरडते! शाळेत हात वर करायला लाजणारी मुलगी मैदानात ‘माझा!’, ‘मॅन ऑन!’ (मागे प्रतिस्पर्धी आहे), ‘टर्न!’ (वळ) असं घसा ताणून सांगते. बॉल मागताना आवाज बारीक आला तर मॅम तोच पास पुन्हा द्यायला लावतात.

सप्टेंबरमध्ये ती दुसऱ्या हाफमध्ये फार लवकर थकायला लागली. आम्हाला वाटलं स्टॅमिना कमी आहे. मॅमनी सगळ्याच मुलींना रक्त तपासून घ्यायला सांगितलं. लेकीचं हिमोग्लोबिन १०.२ निघालं, ते या वयाला किमान १२ हवं. देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के अॅनिमिक आहेत, हे २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलेलं मी वाचलं होतं, पण आपल्या घरात ते असेल असं मनातही आलं नव्हतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, जेवणानंतर लगेचचा चहा बंद केला, पालेभाजीवर लिंबू सुरू झालं. डिसेंबरअखेर ११.९. मुलगी मैदानात शेवटपर्यंत पळते आता.

पाळीच्या दिवसांत ती दोन-तीनदा ‘पोट दुखतंय’ म्हणून घरी राहिली. खरं कारण पांढरी शॉर्ट्स होती. आम्ही तीन आया जाऊन बोललो आणि पुढच्याच आठवड्यात काळी शॉर्ट्स आली. मैदानावरच्या टॉयलेटला मात्र कडी बसवायला आणि पाणी सुरू करायला त्यांनी दोन महिने लावले. याबद्दल माझा अजून राग आहे. मुलींची बॅच चालवणाऱ्याने ही सोय पहिल्या दिवसाआधी करायला हवी.

ऑक्टोबरपासून मॅम सहा आठवडे रजेवर होत्या. बदली आलेले सर मैदानाच्या फेऱ्याच मारायला लावत, वॉर्म-अप पाच मिनिटांत उरकत. त्या काळात चार मुली सोडून गेल्या. त्यातल्या दोघी चांगल्या खेळायच्या. बदली कोचला कार्यक्रम लेखी द्या, अशी आम्ही विनंती केली, ती आता मान्य झालीय.

सगळ्यात मोठी उणीव सामन्यांची. नऊ महिन्यांत लेकीला सात सामने मिळाले, त्यातले चार मुलांच्या संघाशी. बॅचमध्ये अकरा ते सोळा वयाच्या मुली एकत्र, त्यामुळे वयोगटाचा संघच नीट उभा राहत नाही. जुलै २०२५मध्ये संगीता बासफोरच्या दोन गोलांवर भारताच्या महिला संघाने थायलंडला २-१ हरवून २०२६च्या आशियाई चषकाची पात्रता मिळवली, तेव्हा पुढच्या पंधरा दिवसांत आमच्याकडे पाच नव्या मुली आल्या. त्यांतल्या तिघी सामने नाहीत म्हणून दिवाळीनंतर थांबल्या. २०२२च्या महिला आशियाई चषकात चीन-जपान सेमीफायनल आपल्या पुण्यात, बालेवाडीत झाली. त्याच शहरात तेरा वर्षांच्या मुलीला महिन्याला एक धड सामना मिळू नये, याचं मला फार वाईट वाटतं. सरावात शिकलेलं मान वळवणं, ओरडणं हे सगळं सामन्यातच पक्कं होतं.

बुटांबद्दल एक सूचना : टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, लांब स्टडचे (तळाला लांब खुंट्या असलेले) बूट घेऊ नका, पाय अडकून गुडघा पिळतो. बारीक रबरी खुंट्यांचे टर्फ शूज घ्या. तेराव्या वर्षानंतर बॉल पाच नंबरचा.

आम्ही चौथी टर्म भरली आहे. भरताना महिन्याला किमान दोन सामने, तेही मुलींशी, असं लेखी मागितलं. ऑफिसने दोन सामन्यांचं कबूल केलं, मुलींशी होतील याची हमी दिली नाही. म्हणून आम्ही पालकच आता खडकी आणि पिंपरीकडच्या मुलींच्या बॅचच्या पालकांशी बोलतोय. पहिला सामना येत्या रविवारी सकाळी सातला आहे, सात-सात खेळाडूंचा, अर्ध्या मैदानावर. लेकीने काल रात्रीच बॅग भरून दाराशी ठेवलीय.