गॅस भरण्याआधी मोजमाप करणारे गॅरेज : सांगलीतील अनुभव

गेल्या दोन उन्हाळ्यांत शहरातील एका वर्कशॉपमध्ये माझ्या गाडीच्या एसीत दोनदा गॅस भरला गेला आणि दोन्ही वेळा तो दिवाळीपर्यंतही टिकला नाही. विचारले की ‘गॅस संपला होता, भरलाय’ एवढेच उत्तर मिळे. वास्तविक एसीची यंत्रणा बंदिस्त असते. वर्षानुवर्षांत होणारी किरकोळ घट सोडली, तर गॅस पेट्रोलसारखा संपत नाही, तो कुठूनतरी गळतो. म्हणून यंदा एप्रिलमध्ये मी माधवनगर रस्त्यावरील, केवळ गाड्यांच्या एसीचे काम करणाऱ्या एका छोट्या गॅरेजमध्ये गेलो.

तिथल्या मिस्त्रींनी गॅसच्या टाकीला हातही न लावता आधी प्रश्न विचारले. तासगावच्या रस्त्यावर गाडी वेगात असताना गारवा बरा लागतो, पण विश्रामबागच्या सिग्नलला थांबले की गरम हवा येते, असे मी सांगताच त्यांनी प्रथम कंडेन्सरचा (गॅसमधली उष्णता बाहेर सोडणाऱ्या भागाचा) पंखा पाहिला, कारण अशा तक्रारीत बहुधा तोच दोषी असतो. पंखा व्यवस्थित फिरत होता. मग काचा बंद करून, हवा आतल्या आत फिरवण्याचे बटण दाबून आणि इंजिन मिनिटाला पंधराशेच्या आसपास फेऱ्यांवर ठेवून त्यांनी डॅशबोर्डवरच्या, गार हवा येणाऱ्या मधल्या जाळीत थर्मामीटर खोचला. दहा मिनिटांनंतरही काटा १७ अंशांच्या खाली उतरेना. बाहेर ३९ अंश असले तरी तो निदान दहाच्या आसपास यायला हवा, असे त्यांचे म्हणणे. दाब मोजणारे गेज जोडल्यावर यंत्रणेच्या दोन्ही, म्हणजे जास्त आणि कमी दाबाच्या, बाजूंचा दाब कमी निघाला, म्हणजे गॅस पुन्हा गळालेलाच होता.

पुढचे काम मला सर्वांत आवडले. उरलेला गॅस काढून घेऊन त्यांनी नायट्रोजनचा दाब भरला आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावला. कंडेन्सरला जोडलेल्या पाइपापाशी मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येऊ लागले, तेव्हा मला बोलावून ते दाखवले. आत कडक होऊन चिरलेली ओ-रिंग, म्हणजे सांध्यातली रबरी कडी, होती. तिची किंमत चहा-नाश्त्याहून कमी! ती बदलून अर्धा तास व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा व ओलावा खेचून काढणे, नंतर कुठे गळती उरली नाही हे कळावे म्हणून गेजचा काटा हलत नाही याची खात्री आणि शेवटी बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनाइतकाच आर-१३४ए गॅस, तोही काट्यावर तोलून. अंदाजाने जास्त भरला तरी गारवा घटतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो, हे मला तिथेच कळले. निघताना थर्मामीटर ८ अंश दाखवत होता.

उणिवाही आहेत. तासाभराचे म्हणून सांगितलेले काम साडेतीन तास चालले, बसायला पत्र्याखाली एकच बाकडे आहे, आणि आधीचे व नंतरचे आकडे बिलावर लिहून द्या म्हटल्यावर मिस्त्री थोडे कुरकुरले, पण अखेर लिहून दिले. गाडीत येणारी हवा गाळणारा केबिन फिल्टर त्यांनी न विचारता बदलला, हे मात्र पटले नाही. जुना ऊसतोडीच्या हंगामातल्या काजळीने काळा झाला होता हे खरे, तरी आधी दाखवायला हवा होता.

व्हॅक्यूमचे मशीन एकच असल्याने सकाळी नऊच्या आत गाडी लावणे बरे. दुपारनंतर रांग रस्त्यावर येते.