संयुक्त आकृतींच्या परिमितीसाठी जिओजेब्रा

संयुक्त आकृतीची परिमिती चुकते ती बहुतेक वेळा बेरजेत नव्हे, तर कड ओळखण्यात. जिओजेब्रा या मोफत सॉफ्टवेअरचा खरा उपयोग तिथेच होतो. कड मात्र ते तुमच्यासाठी निवडत नाही, आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने ते चांगलंच आहे.

१० × ७ सेंमीचा आयत घ्या. त्याच्या उजव्या, ७ सेंमीच्या बाजूवर बाहेर फुगलेलं अर्धवर्तुळ आहे. ‘पॉलिगॉन’ने चार बिंदू जोडा आणि पहिल्या बिंदूवर पुन्हा क्लिक करून आकृती बंद करा. मग ‘सेमीसर्कल’ घेऊन उजव्या बाजूची दोन टोकं निवडा. बीजगणिताच्या रकान्यात आयतासमोर ७० दिसेल, पण ते क्षेत्रफळ आहे, परिमिती नव्हे. परिमिती हवी तर ‘डिस्टन्स ऑर लेंग्थ’ने आयताच्या आत क्लिक करा: ३४. अर्धवर्तुळाच्या कंसासमोर (म्हणजे त्याच्या वक्र कडेसमोर) ११ दिसतं, ती त्याची लांबी. ३४ आणि ११ मिळवून ४५ लिहिलं की चूक झाली, कारण ७ सेंमीची बाजू आता आकृतीच्या पोटात गेली आहे. इनपुटमध्ये उरलेल्या तीन बाजूंची आणि कंसाची नावं अधिक चिन्हाने जोडा: ३८.

आता अर्धवर्तुळाचे बिंदू उलट क्रमाने निवडून ते आत वळवा. परिमिती ३८च राहते, क्षेत्रफळ मात्र ८९.२४ वरून ५०.७६ चौ. सेंमीवर येतं. ‘भाग कापला म्हणजे परिमिती घटली’ हा समज इतक्या पटकन क्वचितच मोडतो.

दोन बहुभुज चिकटवायचे असतील तर ‘युनियन’ आज्ञेने ते एक करून परिमिती घ्या. हाताने करायचं तर दोन परिमितींच्या बेरजेतून सामाईक बाजू दोनदा वजा करावी लागते, कारण ती दोन्हींत मोजलेली असते. वरच्या उदाहरणात ती एकदाच वजा होते, कारण कंसाच्या लांबीत व्यास नसतोच. कंस असलेल्या आकृतीला ‘युनियन’ची सोय नाही, ही उणीव जाणवते.

दशांश स्थळं सुरुवातीला दोनच असतात. वरचा कंस खरं तर १०.९९५६ आहे, म्हणून २२/७ घेऊन केलेल्या उत्तराशी तो इथे जुळलेला दिसतो. ताडून पाहताना स्थळं चारवर न्या. आणि वर्तुळपाकळीसाठी ‘सेक्टर’ वापरलात तर समोरचा आकडा क्षेत्रफळाचा असतो. परिमितीसाठी कंस वेगळा काढून त्यात दोन त्रिज्या मिळवा.